मिसरीच्या बोटाची साखर

"दोनशे चाळीस? ताई, काहीतरी कमी करा की. नेहमीचं गिऱ्हाईक आहे मी."

हे वाक्य मी कापडाच्या दुकानात नाही, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये ऐकलंय. बोलणारे काका चेष्टाही करत नव्हते. मी कागदावर दोनशे तीस लिहिलं की आपली साखर दहानं उतरेल, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. मी म्हटलं, "काका, लिहायला मी शंभरही लिहीन, पण तुमच्या रक्ताला वाचता येत नाही." काका हिरमुसून गेले आणि पुढच्या वेळी चार-पाच दिवस कडुलिंबाचा पाला खाऊन आले. साखर निघाली दोनशे पस्तीस. तर खूश होऊन म्हणतात, "बघा, पाच सोडलेच ना तुम्ही!"

अशा माणसांत माझं आयुष्य गेलं, आणि खरं सांगते, फार मजेत गेलं. लॅबचा कोर्स पास झाले तेव्हा विहारात माझा सत्कार झाला होता. वडील शाल घेऊन आलेल्या प्रत्येकाला सांगत होते, "पोरगी सरकारमान्य डास झाली." आधी हिंगोलीला आणि मग लग्नानंतर वसमतला, मी लोकांना टोचतच राहिले. पुढे लॅबवाल्यांनी घरी जाऊन रक्त आणायची सोय सुरू केली आणि माझ्या स्कूटीला पाय फुटले. सकाळी सातला मी एखाद्या गावात शिरले की लहान लेकरं घरात पळायची आणि म्हातारी माणसं बाहेर यायची.

काम तसं साधं. दंडाला पट्टा बांधायचा, मूठ आवळायला लावायची, शीर हाताला लागली की सुई घालायची. शीर डोळ्यांनी शोधायची नसते, बोटानं शोधायची असते. साखरेसाठी करड्या टोपणाची नळी असते आणि तिच्यात एक पूड असते. ती नसेल तर रक्तातल्या पेशी नळीत बसूनही जेवत राहतात आणि लॅबला पोचेपर्यंत साखर कमी भरते. अंगातून बाहेर काढलं तरी रक्ताची भूक जात नाही, याचं मला अजूनही नवल वाटतं.

एकदा एक गडी आला, सोयाबीनची काढणी सोडून. नाव विचारलं तर भलतंच सांगितलं. मी म्हटलं, "चिठ्ठीवर तर दुसरं नाव आहे." तर म्हणे, "त्यो दादा. त्यो मळणीयंत्रावर हाय. माझं घ्या ना, एकाच मायची लेकरं आमी. रगत एकच." त्याला समजावता समजावता माझी सकाळ गेली. शेवटी त्याचंही रक्त घेतलं, आणि साखर त्यालाच निघाली, दादाला नाही. दादा अजून मला चहा पाजल्याशिवाय सोडत नाही.

पण मला सांगायचंय ते हट्टा गावच्या गयाबाईंचं. मी त्यांना मावशी म्हणायचे. साठीच्या आसपासच्या, उंच, हाडापेरानं मजबूत. हळद काढणाऱ्या बायांच्या टोळीच्या त्या मुकादम. या बांधावरून हाक मारली की पलीकडच्या शिवारातली बाई कमरेतून सरळ व्हायची, असा आवाज. मधुमेह जुना, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. ते द्यायचं काम सुनेचं, शीतलचं. शीतल बारावी शिकलेली, हाताची हलकी. यंत्रावर साखर बघायची, आकडा निकालासारखा जाहीर करायची आणि पोटाला सुई द्यायची. सासू-सुनेचं एरवी फार सख्य होतं असं नाही. भाजीत मीठ किती यावरून दोघी रोज भांडायच्या. पण सुई टोचताना मावशी मुकाट पदर बाजूला करायच्या.

मावशींचं खरं दुखणं मात्र दात. लग्नाच्या आधीपासून मिसरी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, तिची पूड करायची आणि बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना चोळायची, ती मिसरी. चहाच्या आधी एकदा, जेवणानंतर एकदा आणि मधे वेळ मिळेल तितक्यांदा. त्यामुळे समोरचे चार दात गेलेले आणि उरलेले वाऱ्यानं हलायचे.

"खाण्याचं मला काई न्हाई ताई," त्या मला म्हणाल्या होत्या, "भाकर कुस्करून खाते मी. पण शिव्या बराबर लागंनात. 'भवाने' म्हणायला जावं तर नुसता वारा निघून राहिला. बाया हसतेत. मुकादमाला हसल्यावर हळद कोण काढंल?"

म्हणून त्या दाताच्या डॉक्टरकडे गेल्या. उरलेले सगळे काढा आणि नवी कवळी द्या, शिव्या देण्याजोगी. डॉक्टरनं साखर बघितली आणि हात वर केले. साखर दोनशेच्या आत आल्याशिवाय दात काढणार नाही, जखम भरणार नाही. आणि मिसरी बंद म्हणजे बंद. मावशींनी घरी येऊन मिसरीचा डबा सगळ्यांदेखत उकिरड्यावर रिकामा केला. मुलानं, बालाजीनं, ते गावभर सांगितलं.

त्यानंतर पोळ्याला त्यांचा भाचा पुण्याहून आला. मोठ्या कंपनीतला, जीन्सच्या खिशात हात घालून चालणारा. आत्याची मिसरीवाचून होणारी तगमग त्याला बघवेना. त्यानं आपल्याकडची एक नळी दिली. बॅटरीवर चालते, आत आंब्याच्या वासाचा रस असतो, तो तापून वाफ होते आणि ती ओढायची. या वस्तूच्या विक्रीला आपल्याकडे बंदी आहे, पण पोरांना कुठून मिळतं ते पोरांनाच ठाऊक. वर रसाची एक वेगळी बाटली दिली. "आत्या, यात साखर न्हाई, तंबाखू न्हाई, नुसता वास," असं सांगून भाचा गाडीत बसला.

त्याच आठवड्यात मी गेले होते. मावशींनी मोठ्या कौतुकानं मला ती नळी ओढून दाखवली. ओढली काय आणि ठसका लागला काय! चुलीजवळची कोंबडी उडून माळवदावर गेली. डोळ्यांतून पाणी, नाकातून वाफ, आणि बोलायला लागल्या ते, "मी काय हळद शिजवायचं बॉयलर हाय का? ठेवा ते तिकडं!" हसून हसून मला सुई हातात धरवेना. मी सांगितलं, "मावशी, हेही नको. तंबाखूचं विष यातही असतं." त्यांनी शहाण्या मुलीसारखी मान हलवली. नळी फळीवर गेली. बाटली कुठे गेली, हे कोणी विचारलं नाही.

इथून साखर चढायला लागली. घरच्या यंत्रावर तीनशे, मग साडेतीनशे. वसमतच्या आमच्या डॉक्टर मॅडम रोज सकाळी शीतलच्या फोनवर आकडा ऐकायच्या. त्यांनी इन्सुलिन एकदा वाढवलं, पुन्हा वाढवलं. साखर ढिम्म. शेवटी मॅडम म्हणाल्या, उद्या शिरेतलं रक्त घ्या, मला लॅबचा आकडा हवा. मावशींचा जीव दातात अडकलेला. त्यांनी दोन वेळचा चहा सोडला, भात सोडला, आणि सुनेवर वहीम घेतला की ही भाजीत गूळ घालते. शीतल रडकुंडीला आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले. ओसरीवर मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा घामानं डबडबलेला. हात थरथरत होते. मला बघून म्हणाल्या, "आलीस व्हय यमुने, बाया मोजून घे." यमुना त्यांच्या टोळीतली. मला त्या ओळखत नव्हत्या.

शीतल समोर बसून इन्सुलिनची सुई भरत होती. "बघा ना ताई," ती म्हणाली, "आत्ताच बोट टोचलं. चारशे अठरा. चढलीय म्हणूनच असं बरळून राहिल्या. आधी हे देते, मग तुमी रक्त घ्या."

माझ्या डोक्यात ते बसेना. इतकी वर्षं माणसं बघितल्यावर एवढं कळतं की असा घाम आणि अशी थरथर साखर उतरल्यावर सुटते. मी म्हटलं, "शीतल, थांब जरा," आणि मावशींचा हात हातात घेतला. बोट माझ्या हातमोज्याला चिकटलं. साधं चिकटलं नाही, सोडवावं लागलं. आणि वास आला. आंब्याचा. बाहेर हरभऱ्याची पेरणी चाललेली आणि मावशींच्या बोटाला पिकलेल्या आंब्याचा वास.

मी त्यांचा डावा हात ओढला, तांब्यातल्या पाण्यानं खसखसून धुतला, पुसला आणि माझ्या पिशवीतल्या यंत्रावर थेंब घेतला. आकडा आला अट्ठेचाळीस.

"साखर आण," मी ओरडले. "पाण्यात कालव, लवकर!"

शीतल जागची हलेना. तिच्या हातात भरलेली सुई तशीच. "ताई, चारशेच्या वर हाय! साखर पाजली तर मरतील त्या! लोक काय म्हणतील मला?"

"चारशे बोटावर आहे, रक्तात नाही! आण म्हणते ना!"

तिला काही समजलं नव्हतं, समजण्यासारखं मी काही सांगितलंही नव्हतं. पण ती उठली. डबा उचलला आणि अर्धी साखर ओसरीवर सांडत पाणी केलं. गिळण्याइतपत शुद्ध होती हे नशीब. आम्ही दोघींनी मिळून घोट घोट पाजलं. मी आयुष्यात बऱ्याच सुया टोचल्या, पण ती शीतलच्या हातातली न टोचलेली सुई मी अजून विसरले नाही. उतरलेल्या साखरेवर ते इन्सुलिन गेलं असतं तर मावशी त्या ओसरीवरून उठल्या नसत्या.

एव्हाना गल्ली जमली होती. हळूहळू घाम थांबला. मावशींनी डोळे नीट उघडले, सगळ्यांकडे बघितलं आणि खड्या आवाजात विचारलं, "कोण मेलं? एवढी गर्दी काहून?"

एवढं हसू त्या गल्लीत कधी पिकलं नसेल. रडणाऱ्या बायासुद्धा हसायला लागल्या. मी पुन्हा साखर बघितली, वर आली होती. मग त्यांना चटणी-भाकर खायला घातली, मॅडमना फोन केला, आणि त्या उजव्या हाताच्या बोटाचं विचारलं.

"मावशी, हे बोट कशानं चिकट झालं?"

मावशी एकदम बारीक झाल्या. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग कमरेची चंची सोडली आणि सुपारीच्या तुकड्यांतून बाटली काढली. भाच्यानं दिलेली, वर आंब्याचं चित्र.

"धूर ओढायला जमत न्हाई मला," त्या म्हणाल्या. "म्हणलं रसच हाय ना? मंग मिसरीवानी लावावा. पहाटं उठून लावते, गोड लागतंय, तलफ बी भागते. शपथ मिसरीची घेतली होती, ह्याची कुठं घेतली?" आणि कसं लावते ते दाखवायला त्यांनी बाटलीत बोट बुडवलंसुद्धा! मी, शीतल आणि शेजारीण, तिघी एकदम किंचाळलो. बाटली मी हिसकावली.

झालं होतं ते असं. उजव्या हाताचं ते बोट मिसरीनं टणक झालेलं, टोचलं तरी दुखायचं नाही. म्हणून मावशी रोज शीतलपुढे तेच बोट धरायच्या. आणि पहाटे त्याच बोटानं रस चोळायच्या. शीतल बिचारी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची, पण गोड चिकटा स्पिरिटनं नीट निघत नाही. त्याला पाणीच लागतं. रक्ताचा थेंब त्या चिकट्यातून वर यायचा आणि यंत्र प्रामाणिकपणे दोन्ही मोजायचं. त्या खोट्या आकड्यावर इन्सुलिन वाढत गेलं आणि रक्तातली खरी साखर उतरत गेली.

बालाजीला हे पटेना. तो यंत्रावरच चिडला होता, त्याला ते विहिरीत टाकायचं होतं. मग मी माझं बोट पुढं केलं. त्याला गूळ चोळला, स्पिरिटनं पुसलं आणि टोचलं. तीनशे सत्तर! बालाजी घाबरून म्हणाला, "ताई, तुमाला बी?" मग साबणानं हात धुऊन दुसऱ्यांदा टोचलं. सत्त्याण्णव. ओसरीवर टाळ्या पडल्या. पुढचा तासभर ज्याला त्याला गूळ लावून आणि धुऊन साखर बघायची होती. गावचा पोलीस पाटीलही रांगेत होता. यंत्राच्या पट्ट्या संपल्या तेव्हा कुठे लोक उठले. माझ्या पेशात एवढी लोकप्रियता पुन्हा कधी मिळाली नाही.

दुपारी मावशींना घेऊन आम्ही वसमतला मॅडमकडे गेलो. मॅडमनी बाटली उलटीसुलटी करून बघितली. आंब्याच्या चित्राखेरीज काही लिहिलेलं नव्हतं. भाच्याला फोन लावला, तर त्यालाही माहीत नाही. तो म्हणाला, सगळे हेच घेतात. मग मॅडमनी आम्हाला समजावलं, ते मला समजलं तसं सांगते. असल्या रसात बहुतेक दोन पातळ पदार्थ असतात, एक ग्लिसरीन आणि दुसरं प्रॉपिलीन ग्लायकॉल. वर वास, गोडी आणि निकोटीन. ग्लिसरीनची साखर करायची कला आपल्या शरीराला येते, पण वाफेतून जातं ते थोडंसंच, त्यानं मोठा फरक पडू नये असं वाटतं. वाटतं म्हणजे वाटतंच. मधुमेह्यानं वर्षानुवर्षं हे ओढलं तर काय होतं, हे अजून कोणी छातीठोक सांगू शकत नाही, असं मॅडम स्वतः म्हणाल्या. निकोटीनचं मात्र माहीत आहे. ते साखर चढवतं आणि इन्सुलिनला नीट काम करू देत नाही. मग ते मिसरीतून येवो की आंब्याच्या वाफेतून.

"आणि बोटावरचा आकडा?" शीतलनं विचारलं.

"नुसत्या ग्लिसरीननं यंत्र बहुधा फसलं नसतं," मॅडम म्हणाल्या. "यात कोणीतरी गोडीला खरी साखर घातलेली दिसते. जे लिहिलेलंच नाही त्याचं काय सांगणार? आणि गयाबाई, हा रस हिरड्यांना चोळायचा नसतो. निकोटीन पोटात जास्त गेलं तर माणूस दगावतो. तुम्ही आज दोनदा वाचलात."

मावशींनी विचारलं, "मंग दात कधी?"

उरलेले दात पुढच्या महिन्यात काढले. रस बंद, मिसरी बंद, आणि तलफ भागवायला मॅडमनी औषध आणि लवंग दिली. निकोटीन सुटलं तसं इन्सुलिनही कमी लागायला लागलं. शिरेतल्या रक्ताचा आकडा एकशे बहात्तर आला तो कागद मावशींनी मला वाचायला लावला, यमुनेला वाचायला लावला आणि बसच्या कंडक्टरलाही वाचायला लावला. हिरड्या भरल्यावर कवळी बसली. पहिल्या दिवशी त्यांनी आरशात बघितलंच नाही. सरळ दारात उभं राहून, पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईला अशी काही शिवी हासडली की तीन घरांची दारं उघडली. शिवी ऐकून ती बाई पळत आली आणि मावशींच्या गळ्यात पडली.

सगळं चांगलं झालं होतं, एक सोडून. शीतल सुईला हात लावत नव्हती.

त्या सकाळपासून तिनं इन्सुलिन दिलंच नाही. शेजारची आशाताई, गावातली आरोग्य कार्यकर्ती, यायची, कधी बालाजी द्यायचा, वाकडंतिकडं. शीतल तेवढा वेळ चुलीकडे तोंड करून बसायची. तिनं मला एकदा गोठ्यामागे नेऊन विचारलं होतं, "ताई, तुमी दोन मिनिटं उशिरा आल्या असत्या तर माझ्या हातानं झालं असतं ना?" अशा वेळी खोटं बोलावं की खरं, हे लॅबच्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. मी खरं सांगितलं. म्हटलं, "हो. पण तुझ्या हातानं झालं असतं, तुझ्यामुळे नाही." तिनं मान हलवली. पटलं नव्हतं.

कवळी बसल्यानंतर महिन्याभरानं मी रक्त घ्यायला गेले. रक्त घेऊन झालं, जेवणाची वेळ, ताटं मांडलेली. आशाताई पिशवी घेऊन दारात उभी. मावशी तिला म्हणाल्या, "तू जा घरी. उद्यापासून येऊ नकोस, माय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, तुमी बसा. साक्षीला."

आणि सुनेला हाक मारली. "शीतल, पाणी आण. साबण आण."

शीतल तांब्या घेऊन आली. मावशींनी तिच्यापुढे हात धरले. शीतलनं साबण लावला. एकेक बोट, नखांच्या कडा, पेरं, सगळं धुतलं. पुसलं. टोचलं. आकडा बघितला, चांगला होता. मग मावशींनी पदर बाजूला करून पोट उघडं केलं आणि म्हणाल्या, "दे."

"आत्याबाई, मला न्हाई जमणार. तुमाला ठाऊक हाय का त्या दिशी काय झालं असतं?"

"ठाऊक हाय. ह्या ताईनं सांगितलं, डॉक्टरीणबाईनं सांगितलं, पोलीस पाटलानं बी सांगितलं. लबाडी माझ्या बोटाची होती, तुझ्या हाताची न्हाई. दुसऱ्याच्या हातची सुई मला लई दुखते. दे."

शीतलनं सुई भरली. मात्रा दोनदा बघितली, मला दाखवली. टोचली. काढून घेतली, बोळा दाबला, आणि मग तिचा बांध फुटला. मावशींनी पदर सारखा केला आणि नव्या दातांतून एकेक अक्षर नीट उच्चारत म्हणाल्या,

"भवाने, सुई मला टोचली. तू काहून रडून राहिली? वाढ भाकर. अन् मीठ आज तुझ्या मनानं घाल."